जिन्यात बसून राहणारा भाऊ

पत्र :

डॉक्टर, माझा धाकटा भाऊ विजू (नाव बदललं आहे) ४७ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून डाऊन सिंड्रोम. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आई गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेली आणि तेव्हापासून विजू आमच्याकडे सांगलीत आहे. पूर्वी तो कार्यशाळेत उदबत्तीचे पुडे भरायचा. जेवायच्या वेळी सगळ्यांची ताटं-वाट्या तोच मांडायचा, कुणाला मोठी वाटी लागते तेही त्याच्या ध्यानात असायचं. आता ताटं घ्यायला जातो आणि ओट्यापाशी नुसता उभा राहतो. आंघोळीला न्यायचं म्हटलं की आरडाओरडा. न्हाणीच्या दारात काळी फरशी आहे, तिथवर येतो आणि थांबतो, पाय पुढे टाकत नाही. दुपारभर पेंगतो, रात्री जागा. तासन्‌तास जिन्यात बसून राहतो आणि ‘आई कुठे?’ विचारतो. आई गेली त्या दिवशी नातेवाइकांनी त्याला शेजारी नेऊन बसवलं आणि ‘आई गावाला गेलीय’ म्हणून सांगितलं. ते तसंच राहिलं. आमचे डॉक्टर म्हणतात, ‘या मुलांचं वयानुसार असंच होतं.’ आमचे मिस्टर म्हणतात, आईनं लाडावून ठेवलंय, हट्ट आहे सगळा. मुलानं नेटवर वाचलं की डाऊन सिंड्रोम असलेल्यांना अल्झायमर होतोच. आई शेवटी शेवटी म्हणायची, ‘हल्ली बटणं वरखाली लावतो गं शर्टाची’, पण तेव्हा काही वाटलं नाही. हा अल्झायमरच आहे का? औषध आहे का? ‘आई कुठे’ला मी काय उत्तर देऊ? मी ५९ वर्षांची, गुडघे गेलेत. माझ्यानंतर याचं कोण करणार? संस्थेत ठेवायचा विचार येतो आणि लाज वाटते.
– एक बहीण, सांगली

उत्तर :

ताई,

आईचं ते बटणांचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी पत्र वाचताना तिथेच थांबलो. म्हणजे विजूत बदल व्हायला लागला तो आई असताना. वरखाली लागलेलं बटण आई नीट करत असणार, साबण हातात देत असणार, चप्पल सरळ करून ठेवत असणार. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं आया हे इतकं सहज करतात की आपण काही करतोय हे त्यांनाही जाणवत नाही. आई गेली आणि हा सगळा आधार एका दिवसात निघाला. त्यामुळे तुम्हाला सगळं आईच्या जाण्यानंतर सुरू झाल्यासारखं दिसतंय. त्यातलं काही आईच्या जाण्याचं आहेच, पण सगळं नाही.

हट्टाचं म्हणाल तर ते मी लगेच बाजूला ठेवतो. सतरा वेळा ताटं मांडलेला माणूस ताटं हातात न घेता ओट्यापाशी उभा राहतो, यात हट्ट कसला? कुठून सुरुवात करायची हे त्याला सुचत नाहीये. तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या.

मुलानं वाचलं ते बरंचसं खरं आहे. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या असतात, डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं, हे झेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवलं. अल्झायमरमध्ये मेंदूत जे अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं, ते ज्या प्रथिनापासून तयार होतं त्याचं जनुक नेमकं याच २१व्या गुणसूत्रावर आहे. तीन प्रती, म्हणून उत्पादन जन्मभर जास्त. चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा सापडतात. लक्षणं मात्र लगेच दिसत नाहीत. निदान होतं ते सरासरी पन्नाशीच्या पहिल्या अर्ध्यात, कुणाचं चाळिशीत, कुणाचं साठीनंतर. आयुष्य पुरेसं लाभलं तर दहांतल्या नऊजणांहून अधिक जणांना हा आजार गाठतो. १९८०च्या सुमारास अमेरिकेतही अशा माणसांचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं, आता ते साठीच्या घरात गेलंय. म्हणून आमच्या पिढीच्या बऱ्याच डॉक्टरांनी म्हातारपणाकडे झुकलेला डाऊन सिंड्रोमचा पेशंट शिकताना पाहिलाच नाही. ‘या मुलांचं’ असं सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाबद्दल बोललं जातं, ते त्यामुळेच.

जाता जाता एक सांगतो, कारण मला त्याचा राग येतो. अल्झायमरच्या संशोधनावर या माणसांचे मोठे उपकार आहेत. १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतलं अमायलॉइड वेगळं काढलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्याच अल्झायमरचं जनुक २१व्या गुणसूत्रावर शोधायची दिशा मिळाली. पुढे १९९८ मध्ये एका ७८ वर्षांच्या बाईंची नोंद प्रसिद्ध झाली : डाऊन सिंड्रोम होता, पण त्यांच्या बाबतीत २१व्या गुणसूत्राचा काहीच भाग जास्तीचा होता आणि त्यात हे जनुक नव्हतं. त्यांना अल्झायमर झाला नाही. एवढं सगळं त्यांच्याकडून शिकून घेतलं, आणि नवी महागडी अमायलॉइडविरोधी इंजेक्शनं आली तेव्हा त्यांच्या मोठ्या चाचण्यांतून याच लोकांना वगळलं.

असो. विजूला अल्झायमर आहे का? शक्यता मोठी आहे, पण आज मी तसं म्हणणार नाही, तुमच्याही डॉक्टरांनी तपासण्यांआधी म्हणू नये. कारण हुबेहूब असेच दिसणारे आणि बरे होणारे आजार या वयात ढीगभर असतात.

पहिला थायरॉइड. डाऊन सिंड्रोममध्ये तो मंदावणं फार सर्रास आहे. वर्षा-दोन वर्षांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, बघायलाच हवा. शेवटचा कधी केला ते शोधा, आणि नसेल आठवत तर केलेला नाही असं धरा. त्याच रक्तात बी-१२, हिमोग्लोबिन, साखर बघून घ्या.

दुसरी झोप, आणि विजूच्या बाबतीत माझा पहिला संशय इथेच आहे. दुपारभर पेंगणं, रात्री जागं. घसा अरुंद, जीभ मोठी, स्नायू सैल, त्यामुळे झोपेत श्वास अडकणं डाऊन सिंड्रोमच्या मोठ्या माणसांत निम्म्याहून अधिक जणांना असतं. एका रात्री त्याच्या खोलीत बसा. घोरता घोरता एकदम शांतता आणि मग हुंदका दिल्यासारखा श्वास येतो का? बसून, पुढे वाकून, मांडीवर डोकं टेकून झोपतो का? मोबाइलवर चित्रण करून घ्या आणि तेच डॉक्टरांना दाखवा. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास तपासणाऱ्या चाचणीत, निघालं तर रात्री मास्कचं यंत्र लावतात. त्याला मास्कची सवय व्हायला वेळ लागेल, पण दिवसा टीव्ही बघताना थोडा थोडा वेळ लावत गेलं तर बरेच जण स्वीकारतात.

तिसरं, कान आणि डोळे. त्यांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ गच्च बसतो. ‘सांगितलेलं कळत नाही’ म्हणून आणलेला माणूस कानाच्या डॉक्टरकडून मळ काढून आला आणि घरात बोलायला लागला, असं खरंच होतं. मोतीबिंदूही त्यांना लवकर होतो.

चालण्याकडे बघा. चाल बदलली असेल, पाय ओढत असेल, कपड्यांत लघवी व्हायला लागली असेल तर मानेचा एक्स-रे किंवा एमआरआय मागा, कारण त्यांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात आणि मज्जारज्जूवर दाब येतो. ही गोष्ट मात्र लांबवू नका. आणि दुखणं! विजू ‘दाढ दुखते’ म्हणणार नाही, तो आरडाओरडा करील. हात वर केल्यावर खांदा दुखत असेल तर आंघोळीच्या वेळीच ओरडणार. दात, खांदे आणि बद्धकोष्ठता या तिन्ही गोष्टी बघून घ्या. घरातली सगळी औषधंही पिशवीत घालून न्या. सर्दीच्या, झोपेच्या, लघवीवरच्या साध्या गोळ्यांनीही या मेंदूत गोंधळ वाढतो.

हे सगळं झाल्यावर मग मिरजेला किंवा जवळ असेल तिथे न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ. तिथे एक काळजी घ्या. ‘आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा’ ही म्हाताऱ्या माणसांची नेहमीची चाचणी विजूला लावून काही कळत नाही. त्याला ते कधीच येत नव्हतं. त्याची तुलना फक्त त्याच्याशीच करायची असते, पाच वर्षांपूर्वीच्या विजूशी. ती तुलना डॉक्टरकडे नाही, तुमच्याकडे आहे. घरातल्या एखाद्या लग्नाचं, मुंजीचं चित्रण असेल, त्यात तो नाचतोय, वाढतोय, बोलतोय, ते काढा. कार्यशाळेच्या बाईंना विचारा, दिवसाला किती पुडे भरायचा, कधीपासून कमी झाले, कुठल्या टप्प्यावर अडायला लागला. काळजी घेणाऱ्यानं भरायची एक प्रश्नावली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तयार केली आहे, ‘एनटीजी–ईडीएसडी’ या नावानं इंटरनेटवर मोफत मिळते. मुलाला सांगून काढून घ्या, दोघांनी मिळून भरा आणि दर वर्षी नव्यानं भरत जा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या वैद्यकीय सूचनांत तर चाळिशीपासून दर वर्षी अशी चौकशी करायला सांगितलं आहे. आपल्याकडे ती होत नाही, म्हणून आता आठवणीतून उभी करावी लागते.

विसरणं हेच अल्झायमरचं पहिलं लक्षण असं आपण धरून चालतो. या लोकांत बऱ्याचदा आधी स्वभाव बदलतो, कामाचा क्रम जमेनासा होतो, माणूस गप्प होतो किंवा चिडका होतो. ताटांचं जे तुम्ही लिहिलंय ते त्या जातीचं आहे. काळ्या फरशीचंही. अंतर आणि खोली ओळखणारा मेंदूचा भाग थकला की काळी फरशी खड्ड्यासारखी दिसते, आणि खड्ड्यात पाय टाकायला तुम्हीही नाही म्हणाल. मोतीबिंदूनंही असं होऊ शकतं, म्हणून डोळे आधी. तोवर त्या फरशीवर बाजूच्या फरशीच्या रंगाचं, न सरकणारं पायपुसणं घाला आणि न्हाणीत चांगला उजेड करा. पाणी आधी पायावर, डोक्यावर एकदम तांब्या नाही. आंघोळ रोज झालीच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, एक दिवसाआड अंग पुसलं तरी चालतं.

आता ‘आई कुठे?’

ज्यांनी त्याला शेजारी नेलं त्यांनी मायेनंच नेलं. पण मग तो जिन्यात का बसतो हे मला तुम्हीच लिहून पाठवलंय : गावाला गेलेलं माणूस जिन्यानंच परत येतं. त्याचा निरोपही झाला नाही आणि त्याचं घरही सुटलं. हे नैराश्य असू शकतं, आणि नैराश्य औषधानं, वेळेनं, सोबतीनं सुधारतं. म्हणून एकदा त्याला खरं सांगा. सकाळी, तो ताजा असताना, फक्त तुम्ही दोघं. आईचा हार घातलेला फोटो समोर ठेवा. ‘आई खूप आजारी होती. आई वारली. आता ती परत येणार नाही. मी आहे तुझ्याजवळ.’ एवढंच. ‘देवाघरी गेली’ नको, तो पत्ता विचारील. रडू द्या, तुम्हीही रडा. आईची एखादी साडी त्याच्याजवळ ठेवायला द्या. रोज फोटोला फूल वाहायचं काम त्याचं. वर्षश्राद्ध जवळ आलंय, त्या दिवशी त्याला शेजारी पाठवायचं नाही, पानावर बसवायचं.

सांगितल्यावरही तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला तर? काही आठवडे विचारेलच, तेव्हा शांतपणे तेच शब्द सांगा. पण महिन्यांनंतरही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा कोसळत असेल, तर ती आठवण आता टिकत नाहीये असं समजा आणि सांगणं थांबवा. मग ‘आईची आठवण येते ना रे? काय करायची आई तुझ्यासाठी?’ असं विचारून बोलतं करा. त्या वेळी हे खोटं बोलणं नाही. रोज नव्यानं सुतक लावण्यात काय हशील?

आणि पाहुण्यांना एक गोष्ट बंद करायला सांगा. ‘ओळख बघू, मी कोण?’ आपल्याकडे प्रेमानं विचारतात. उत्तर न आलेल्या माणसाची त्यात फजिती होते. आल्याआल्या ‘मी सुमनमावशी, मिरजेची’ असं सांगायला काय हरकत आहे?

औषधाबद्दल. अल्झायमर ठरलाच तर आजार थांबवणारं औषध आज नाही. मेमँटिन नावाची गोळी वारंवार लिहून दिली जाते. चाळिशीच्या पुढच्या डाऊन सिंड्रोमच्या रुग्णांवर तिची वर्षभराची रीतसर चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला, उपयोग दिसला नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांचा काहींना थोडा फायदा होतो, पण पुरावा तोकडा आहे. त्या गोळ्या नाडी मंदावतात, म्हणून ईसीजी बघून, कमी मात्रेनं सुरू करायच्या आणि गुण नाही आला तर बंद करायच्या. नव्या इंजेक्शनांच्या मागे सध्या लागू नका. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही या लोकांच्या अमायलॉइड साठतं, त्यामुळे रक्तस्रावाची भीती जास्त. ब्राह्मी-शंखपुष्पी कुणीतरी आणून देईलच. त्यानं हा आजार थांबल्याचं कुणी दाखवलेलं नाही.

फिट मात्र लक्षात ठेवा. या आजारात पुढे त्या बऱ्याच जणांना येतात आणि सुरुवात अगदी किरकोळ असते. सकाळी उठल्यावर हाताला झटका बसतो, चहाचा कप उडतो. घरचे ‘नीट धर की’ म्हणतात. असं दोन-तीनदा झालं तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींची तपासणी, करून घ्या, त्यावर औषधं आहेत आणि ती लागू पडतात. जेवताना ठसका वाढला तर घास लहान करा, मऊ भात, घट्टसर आमटी, ताठ बसवून, टीव्ही बंद करून. फुप्फुसात अन्न जाऊन होणारा न्यूमोनिया पुढच्या टप्प्यात जिवावर बेततो. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस आत्ताच विचारून घ्या.

तुमच्यानंतर कोण, याला कागदाचा एक भाग आहे आणि तो आधी उरकू. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक स्तर समिती असते. अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांग माणसासाठी ती कायदेशीर पालक नेमते. तुम्ही अर्ज करा, आणि तुमच्यानंतर ही जबाबदारी कोण घेणार हे मुलाशी आत्ताच स्पष्ट बोलून ठेवा. याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. वडील जिल्हा परिषदेत शिक्षक होते आणि आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असणार. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ते पुढे हयातभर मिळण्याची तरतूद राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांत आहे. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात चौकशी करा. जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागेल, आणि पालकत्वाचा कागद इथेही कामाला येईल. बरीच घरं हा पैसा केवळ माहीत नसल्यानं सोडून देतात.

संस्थेच्या विचाराची लाज कशाला? गुडघे गेलेल्या एकोणसाठ वर्षांच्या बाईनं रात्रभर जागायचं, आणि मोठ्या अंगाच्या माणसाला एकटीनं आंघोळ घालायची, हे किती दिवस चालणार? मुलाला आणि मिस्टरांना आठवड्यातल्या ठरावीक रात्री वाटून द्या. मदत करा म्हणू नका, वार ठरवून द्या. कार्यशाळा मात्र एवढ्यात कायमची सोडवू नका. पुडे भरणं जमत नसेल तर काड्या मोजायला न लावता नुसत्या एकत्र करायला द्या म्हणावं, बाई ऐकतील.

संस्था बघायला जायचंच तर घाईची वेळ यायच्या आधी जा, विजूला बरोबर घेऊन. प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठी चांगल्या निवासी संस्था राज्यात आहेत, डोंबिवलीजवळ खोणीचं अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ हे पालकांनीच उभं केलेलं उदाहरण. पण जिथे जाल तिथे बाग आणि सभागृह बघून परतू नका. चालता येईनासं झाल्यावरही तुम्ही ठेवून घेता का, रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात, फिट आली तर कुठल्या दवाखान्यात नेता, हाताने भरवावं लागलं तर कोण भरवतं, हे विचारा. पहिल्याच प्रश्नाला ‘तेव्हा बघू’ असं उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा.